थकलेला तांबडा स्फटिक

सुरुवातीलाच माफी मागतो. आपण लिहावं आणि लोकांनी ते वाचावं, असं म्हणण्याइतकं माझ्याजवळ काही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मी चढलो तो विज्ञान शिकायला. मराठी दहावीनंतर सुटली ती सुटलीच. सुरतेत राहून माझी भाषा तशीही एकसंध उरली नाही. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, कॉलेजात गुजराती आणि परीक्षेत इंग्रजी. तेव्हा कुठे शब्द चुकला, कुठे मोठ्या माणसाबद्दल नको तितकं बोलून गेलो, तर पोटात घालावं. आणि मी जे सांगणार आहे ते फार मोठंही नाही. एका तांबड्या खड्यातून वीज किती लांब जाते, हे आम्ही मोजत होतो. एवढ्यावर पानं भरावीत का, ह्याची मला अजून खात्री नाही. पण ज्या सरांसाठी ते मोजणं चाललं होतं त्यांच्याबद्दल कुणी कुठे लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून धीर केला.

आम्ही धुळ्याकडचे. आबा सुरतेच्या पांडेसरा भागातल्या एका रंगाच्या मिलमध्ये जिगर मशीनवर होते. कापडाचा ताका रंगाच्या गरम पाण्यातून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत राहायचा, हे त्यांचं काम. मामा आमच्याच खोलीत राहायचे आणि लूम, म्हणजे कापडाचा माग, चालवायचे. एक जण घरी यायचा तेव्हा दुसरा डबा घेऊन निघत असायचा. आमच्या गल्लीत सगळ्यांत वाईट गोष्ट कोणती, तर चालू मशीन बंद पडणं. लूम थांबली की धागा तुटतो, आणि पुन्हा सुरू केली की कापडावर आडवा पट्टा उठतो. तो पट्टा शेठला लांबूनही दिसतो. जिगर थांबली की रंग एका जागी बसतो. आबांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, "मशीन बंद करं का मशीन रुसस." रुसलेल्या मशीनची समजूत काढण्यात माणसाचा दिवस जातो, असं त्यांचं म्हणणं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला कुणातरी सरांच्या हाताखाली प्रोजेक्ट घ्यावा लागायचा. सुरतेत प्लेग आला, त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. हुशार मुलांनी भराभर आपापले सर धरले. मला कुणाच्या दारात जाऊन "मला घ्या" म्हणायचं कसं, हेच कळत नव्हतं. आमच्याकडे काम मागायचं तर ओळखीचा माणूस पुढे घालतात. इथे माझ्या ओळखीचं कोण असणार? जिन्याखालच्या कोपऱ्यातल्या खोलीबाहेर मी बराच वेळ उभा होतो. आतून आवाज आला, "बाहेर काय हवा खातोस? आत तरी पंखा आहे." सर गुजराती होते, बारडोलीकडच्या एका गावचे. ते माझ्याशी गुजरातीत बोलायचे, मी अर्धं गुजराती अर्धं हिंदी बोलायचो. इथे मी ते सगळं मराठीत लिहितो आहे.

सर स्फटिक वाढवायचे. पाऱ्याचं आयोडाइड नावाचा एक पदार्थ असतो, त्याचे. आधी ती पूड पुन्हा पुन्हा शुद्ध करायची, मग हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत बंद करायची, आणि ती नळी एका उभ्या भट्टीत आठवडेच्या आठवडे ठेवायची. भट्टीची उष्णता तसूभरही हलता कामा नये. हळूहळू नळीच्या एका टोकाला स्फटिक धरतो. रंग असा लालभडक की पहिल्यांदा बघणारा माणूस हात पुढे करतोच. सर तो हात वरच्या वर धरायचे. "हातमोजा. विष आहे."

मी घरी हे सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "कुकूसारखा लाल शे म्हणस ना, मंग देवपुढे ठेवाले एक लई ये."

"विष शे ते, माय."

"मंग तू कसाले हात लावस?"

मामांचं मत वेगळं होतं. "दिवसभर खडाच पाहाना व्हता, ते हिराना कारखानामा बसता. तठे खडा घासं का पैसा तरी भेटस."

ह्या खड्याचा उपयोग काय, हे मलाही सरांनीच समजावलं. किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही. तो मोजायचा तर असा पदार्थ हवा, ज्यावर किरण पडला की आत वीज मोकळी होते आणि ती आपल्याला बाहेर काढून घेता येते. त्या वेळची चांगली यंत्रं द्रवरूप नायट्रोजन ओतून सतत गार ठेवावी लागायची. आमचा तांबडा स्फटिक मात्र सुरतेच्या मे महिन्यातसुद्धा, गार केल्याशिवाय काम करू शकतो. "एक्स-रे काढणारा माणूस बघितलास?" सर म्हणायचे. "पडद्यामागे उभा राहतो आणि आपल्याला काही लागलं नसेल, असं समजतो. त्याच्या खिशात बसेल असं काहीतरी झालं पाहिजे." हे सांगताना ते शर्टाच्या खिशावर हात ठेवायचे. त्या खिशात पेन आणि बसचा पास असायचा.

सर पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर ती खोली आणि भट्टी कोणासाठी ठेवायची, असा प्रश्न विभागात निघाला होता. कॉम्प्युटरसाठी जागा हवी होती. मुंबईच्या एका प्रयोगशाळेने मात्र सरांच्या स्फटिकात थोडा रस दाखवला होता. त्यांनी मोजणीसाठी लागणारा एक अ‍ॅम्प्लिफायर उसना दिला आणि सांगितलं की वीज स्फटिकाच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत नीट पोहोचते, असं दाखवा, मग आम्ही तुमचा स्फटिक डिटेक्टरसाठी तपासू. तो पसंत पडला तर काम पुढे चालू राहील, खोली राहील. पडला नाही तर भट्टी भंगारात. विभागप्रमुखांनी हे सरांना माझ्यासमोरच सांगितलं होतं. ते वाईट बोलले नाहीत, पण भिंतीची लांबी डोळ्यांनी मोजत बोलले.

सरांचा हात स्फटिक वाढवण्यात बसलेला. वीज मोजायचं काम त्यांनी स्वतः कधी केलं नव्हतं. ते माझ्याकडे आलं.

आधी स्फटिक कापायचा. तो इतका मऊ की करवत लावली तर दबून खराब होतो. एका क्षाराच्या पाण्यात भिजवलेला दोरा त्याच्यावरून पुढेमागे ओढत राहायचा, म्हणजे दोरा हळूहळू विरघळवत आत उतरतो. त्यासाठी मामांनी लूमवरचा दोरा आणून दिला. त्याला तेल असतं म्हणून मी तो आधी सोड्याच्या पाण्यात उकळून घेतला. शर्टाच्या बटणाएवढी चकती निघाली. तिच्या दोन्ही तोंडांना ग्राफाइटचा काळा लेप लावला, त्यात केसासारखी तार चिकटवली, आणि ती लोखंडी डब्यात बसवली. प्रकाश आत गेला तरी स्फटिकात वीज सुटते, म्हणून डब्यावर आबांनी मिलमधून आणलेल्या काळ्या साटिनचा तुकडा गुंडाळला. डब्यात एका बाजूला किरण सोडणारी बारीक चकती. किरण स्फटिकाच्या तोंडावर आदळला की तिथे इलेक्ट्रॉन मोकळे होतात. दोन्ही तोंडांमध्ये मोठा वीजदाब लावला की ते समोरच्या तोंडाकडे धावतात. सगळे पोहोचले तर ऑसिलोस्कोपच्या हिरव्या रेघेवर उंच उडी उठते. वाटेत अडकले तर उडी बुटकी. दाब बदलत जायचा, उडी मोजत जायची आणि इलेक्ट्रॉन अडकण्याआधी किती लांब जातो, ते काढायचं.

मोजताना पंखा आणि ट्यूबलाइट बंद ठेवावी लागायची, नाहीतर त्यांचीच गडबड रेघेत शिरायची. अंधारात घाम पुसत मी बसलेला असलो की लॅबचे काका दारातून डोकावायचे. काका अस्सल सुरती. विभागात सरांइतकीच त्यांची वर्षं झालेली. "केम भाई," ते विचारायचे, "तमारो पथ्थर आजे बोल्यो के नई?"

पहिल्या दिवशी पत्थर बोलला. चांगला खणखणीत बोलला. सर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. रेघेवर उडी उठली, मग दुसरी, तिसरी. सरांनी बाहेर जाऊन काकांना चहा सांगितला, आणि तो तिघांसाठी सांगितला, हे मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी उडी जरा कमी भरली. मला वाटलं, माझं वाचण्यात चुकलं असेल. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. मी तारा तपासल्या, लेप तपासला, डबा उघडून पुन्हा बंद केला. दर दिवशी रेघ खाली. आठवड्याच्या शेवटी उडी गडबडीतून वेगळी ओळखूसुद्धा येईना. सरांना सांगायला मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो, असं दोनदा झालं. शेवटी सांगितलं.

सरांनी पहिल्यांदा मला विचारलं की दाब किती लावला होतास. ते बरोबर होतं. मग त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. पूड नीट शुद्ध झाली नसेल. नळीतली हवा पूर्ण निघाली नसेल. त्यांनी त्याच स्फटिकाचा दुसरा तुकडा कापायला दिला. पहिल्या दिवशी तोही छान चालला, पुढे त्याचंही तसंच झालं. सर कपाटातल्या जुन्या नळ्या काढून उजेडात धरून बघत बसले. एवढी वर्षं वाढवलेले सगळे स्फटिक असेच निघायचे काय, असं त्यांच्या मनात चाललं असावं, कारण एका नळीकडे बघत ते म्हणाले, "बघायला सुंदर आहेत सगळे." आमच्या गल्लीत मोठी माणसं रागावलेली, भांडलेली मी खूप बघितली होती. मोठा माणूस असा स्वतःवरचा विश्वास उडाल्यासारखा बसलेला मी पहिल्यांदा बघितला. मी पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

"दिवाळीनंतर मुंबईला लिहून टाकतो," सर म्हणाले. "उगाच त्यांना आशेवर ठेवायचं नाही."

दिवाळीला सुरत रिकामी होते. लूम बंद, मिल बंद, लोक गावी. भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आम्हीही निघालो होतो. जायच्या आधी मी लॅबमध्ये गेलो तेव्हा काका एकेक खोली बंद करत मेन स्विचपर्यंत आले होते. भट्टी त्या वेळी रिकामी होती, थंड होती.

"काका, हा एक डबा चालू राहू द्या ना," मी म्हणालो. "आधीच त्याचं बिघडलंय. बंद केला तर आणखी बिघडेल."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "आखुं सुरत बंध थाय छे, ने तारो पथ्थर चालू रेहशे? पत्थरला बायको-पोरं नाहीत, पण मला आहेत. आग लागली तर कोण धावेल?" आणि त्यांनी मेन खाली ओढला. डब्यावरचा छोटा दिवा विझला.

गावी माझं लक्ष लागलं नाही. आबा विचारायचे, "काय व्हयनं रे?" मी म्हणायचो, मशीन बंद केलं. त्यांना माझ्या स्फटिकाचं काही कळत नव्हतं, पण मशीन बंद झाल्याचं दुःख त्यांना पूर्ण कळत होतं.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमीला सुरतेत कामं पुन्हा सुरू होतात. दुकानदार पहिला सौदा करतात, कारखान्यात मशीनला कुंकू लागतं. मी कॉलेजात पोचलो तेव्हा काका ऑसिलोस्कोपच्या कपाळावर कुंकवाचा साथियो, म्हणजे स्वस्तिक, काढून त्याला फूल वाहत होते. डब्याकडे त्यांचं बोट वळलं तसा मी आडवा झालो. "ह्याला नको, काका. कुंकू आत गेलं तर संपलंच."

"संपलेलंच आहे ना," काका म्हणाले, पण त्यांनी हात मागे घेतला.

मी स्विच वर केला, दाब लावला, काळं कापड सारखं केलं आणि पंखा बंद केला. रेघेवर उडी उठली ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. मला वाटलं, काकांनी फुलं वाहताना बटण फिरवलं.

"काका, तुम्ही काही हलवलंत?"

"में तो खाली चांदलो कर्यो. नुसता टिळा लावला." काका घाबरले. "भगवान की कसम."

बटणं सगळी जागच्या जागी होती. मी धावत सरांच्या घरी गेलो. ते जवळच राहायचे. दारात त्यांच्या पत्नीने मिठाईची ताटली पुढे केली. ती हातात घेऊनच मी सरांना घेऊन आलो. सरांनी सगळं पुन्हा तपासलं. उडी तेवढीच उंच. सर स्टूल ओढून बसले, मी खाली बसलो. दुपारपर्यंत आम्ही बघत राहिलो. आणि आमच्या डोळ्यांसमोर रेघ हळूहळू खाली यायला लागली, अगदी दिवाळीआधीसारखी.

सर एकदम म्हणाले, "तू हे रोज बंद कधी करतोस?"

"बंद?" मला प्रश्नच कळला नाही. "बंद करत नाही, सर."

"जाताना?"

"नाही."

"रविवारी?"

"रविवारी मी येऊन बघून जातो, चालू आहे ना म्हणून."

"बंद करायचं नाही, असं तुला कोणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी आबांचं, मामांचं, रुसणाऱ्या मशीनचं सगळं सांगितलं. सांगता सांगता माझा चेहरा तापला. सर ऐकत होते. मग ते हसायला लागले. आधी आवाज न करता, मग चष्मा काढून, डोळे पुसत. "अरे भाई," ते म्हणाले, "मीही कधी विचारलं नाही. माझी भट्टी महिनोन्‌महिने बंद नसते, म्हणून मलाही वाटलं, बंद कशाला करायचं. आपण दोघांनी मिळून बिचाऱ्याला मारलं."

त्यांनी त्याच वेळी दाब काढायला सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावला. उडी परत उंच. त्या आठवड्यात आम्ही हेच करत होतो: थोडा वेळ चालवायचा, थोडा वेळ सोडायचा. इलेक्ट्रॉन जाताना काही जण स्फटिकातल्या खाचखळग्यांत अडकून बसतात. पाळी सुटल्यावर पांडेसऱ्याच्या अरुंद गल्लीत काही लोक टपरीवर बसून राहतात आणि बसलेल्यांची गर्दी वाढली की मागून येणाऱ्यांना वाट मिळत नाही, तसं काहीसं. दाब काढला की बसलेले हळूहळू उठून जातात आणि गल्ली मोकळी होते. स्फटिकात दोष होता, नाही असं नाही. पण इलेक्ट्रॉन त्याच्यातून जात होते. त्याची शुद्धता सरांना वाटत होती तितकी वाईट नव्हती.

त्या दिवशी घरी मी सांगितलं, "आबा, खडा दमस."

आबांनी विचार केला. "मंग त्याले सुट्टी दे."

"खडाले सुट्टी शे," मामा डबा बांधता बांधता म्हणाले, "आमले नही." आणि पाळीवर गेले.

आता मुंबईला काय कळवायचं, हा प्रश्न होता. मला वाटत होतं, पहिल्या तासाचे चांगले आकडे द्यावेत आणि थकण्याचं फार बोलू नये. मी ते सरळ म्हणालो नाही, जरा आडून म्हणालो. सरांना कळलं. "थकतो हे नाही सांगितलं," ते म्हणाले, "तर ते त्याला आपल्यासारखंच जुंपतील. मग तो तिथे मरेल, आणि त्यांना वाटेल की तो जन्मतःच मेलेला होता." सगळं लिहायचं ठरलं. किती वेळ चालतो, किती विसावा लागतो, दाब उलटा लावून होलचा, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर मागे उरलेल्या रिकाम्या जागांचा, प्रवास मोजला तर काय दिसतं. होलच्या बाबतीत उत्तर वाईट होतं, ते जवळपास जागेवरच अडकत होते. तेही लिहिलं. मला भीती वाटत होती की एवढं खरं वाचून कोण पसंत करील. सरांनाही वाटत असणार. पाकीट चिकटवताना त्यांनी ते दोनदा उघडून पुन्हा बघितलं.

स्फटिक घेऊन सर स्वतः मुंबईला गेले. औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत कापूस, कापसात काळा कागद, काळ्या कागदात स्फटिक. परत आल्यावर म्हणाले, "नीट बोलले. ठेवून घेतलं. कळवतो म्हणाले." काका म्हणाले, मुलगी बघायला आलेले पण असंच म्हणतात.

होळी गेली. माझी परीक्षा झाली. मुंबईहून काही आलं नाही. सरांनी एकदा विचारून पाहिलं, तर तिकडे रांग आहे, असं उत्तर मिळालं. जूनमध्ये सरांचा निरोप समारंभ झाला, शाल-नारळ झाला. विभागप्रमुख चांगले बोलले आणि म्हणाले की उत्तराची आपण ह्या वर्षाच्या अखेरपर्यंत वाट बघू. खोलीची किल्ली देताना सरांनी ती आधी रुमालाने पुसली.

ते गावी राहायला गेले. बारडोलीहून पुढे, उसाच्या शेतांमधून रस्ता जातो. मी एकदा भेटायला गेलो होतो. सरांनी पायरीवर येऊन विचारलं, "काही आलं?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी मला जेवायला बसवलं, घरचा गूळ वाढला, आबांची चौकशी केली, माझ्या नोकरीबद्दल विचारलं, शेजारच्या माणसाला "हा माझा विद्यार्थी" म्हणून ओळख करून दिली. स्फटिकाचं पुन्हा नाव काढलं नाही. बसची वाट बघत उभे होतो तेव्हा म्हणाले, "त्यांनी खिडकीजवळ तर नसेल ठेवला? ऊन लागता कामा नये." मी म्हणालो, नसेल ठेवला, सर. मला काय माहीत होतं? पण म्हणालो.

सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. आम्ही तोंडाला रुमाल बांधून गावी पळालो. गावच्या लोकांनी आम्हाला आधी वेशीबाहेरच्या शाळेत ठेवलं. आमच्या ताटांना हात लावायला कुणी तयार नव्हतं. शाळेच्या ओसरीवर पडल्या पडल्या मला एकच विचार यायचा की सुरतेहून आलेली ती बाटली मुंबईत कुणी घाबरून फेकून तर दिली नसेल. माय म्हणायची, "जीव वाचना ते पाहाय. खडानं काय लई बसना?" ती बरोबर होती. पण विचार यायचाच.

परत आल्यावर मला सुरतेजवळच्या इच्छापोरला एका ठेकेदाराकडे काम मिळालं. कारखान्यांतल्या जाड नळांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढायचं. हजीरा रोडवरची धूळ, लोखंडाचा वास, आणि दिवसभर हेल्मेट. कॉलेजकडे जाणं कमी झालं. एकदा गेलो तर जिन्याखालच्या खोलीबाहेर कॉम्प्युटरची खोकी येऊन पडलेली दिसली. भट्टीभोवतीचं विटांचं कवच मोकळं करून ठेवलेलं होतं. काका म्हणाले, "वर्ष संपलं की काढतील." मी सरांना ते कळवलं नाही. कळवायला हात होईना.

पुढे थंडीचे दिवस होते. दुपारी फाटकावरच्या चौकीदाराने मला बोलावलं, फोन आहे म्हणून. कारखान्यात मला कोण फोन करणार? घरी काही झालं असेल असं वाटून मी धावत गेलो. पलीकडे काका होते. फोनवर ते इतक्या मोठ्याने बोलत होते की चौकीदारालाही सगळं ऐकू येत होतं.

"अरे, मुंबईवाले आलेत!" काका म्हणाले. "दोन जण. काल आले. तुझ्या पत्थरावरच बसलेत दोघं."

"काय म्हणतात, काका?"

"म्हणतात, तुमचा आकडा जरा जास्त होता. त्यांच्याकडे कमी भरलं."

"मग?"

"मग काय? पुरे आहे म्हणतात. विसावा देऊन चालवला तर चालतो, तुम्ही लिहिलंत तसाच. ते पलीकडचं, होल का काय, ते अगदी भंगार आहे म्हणतात, पण त्यांना मोजणीपुरतं इलेक्ट्रॉनवरच भागवता येतं. आणखी स्फटिक मागतात. प्रमुखांशी बोलणं झालं. खोली राहिली."

"आणि सरांना?"

"साहेबांना सकाळीच गाडी पाठवून बारडोलीहून आणलं. आत भट्टीजवळ उभे आहेत, विटा पुन्हा लावून घेतायत. मी म्हटलं, फोन तुमच्या हातात देऊ का, तर म्हणाले, तूच सांग त्याला, माझ्याने बोलवणार नाही."